वाचक विचारतात : कुंडीत जगलं म्हणजे वाचलं का?

मागच्या अंकात खर्चुडीवर (कंदापासून उगवणारा, कंदिलासारख्या फुलाचा सह्याद्रीतला रानवेल) अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं आणि शेवटी सहज लिहून गेले की दुर्मीळ झाडांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. झालं, पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप, सगळीकडून नुसता पाऊस. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले तेच घेतलेत. काहींनी "ताई फोटो पाठवतोय, दुर्मीळ आहे का सांगा" म्हणून फोटो पाठवलेत, त्यातले निम्मे मनीप्लांटचे आहेत, त्यांना वेगळं कळवते.

*प्रश्न : ताई, मार्चमध्ये आमची कॉलेजची ट्रिप एका बोटॅनिकल गार्डनला गेली होती. सर म्हणाले इथे फार दुर्मीळ झाडं आहेत, पण बघितलं तर जाळीच्या आत शंभरेक रिकाम्या कुंड्या आणि प्रत्येकीत एक पत्र्याची पट्टी. फोटो काढण्यासारखं काहीच नव्हतं. मग साध्या बागेत आणि बोटॅनिकल गार्डनमध्ये फरक काय? – एक विद्यार्थिनी, सांगली*

अगं, त्या कुंड्या रिकाम्या नव्हत्या, झोपलेल्या होत्या. खर्चुडीचा वेल पावसाबरोबर येतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो, दिवाळीच्या आगेमागे पिवळा पडून वाळतो आणि मग पुढचे सहा-सात महिने मातीखाली नुसता कंद, वर काडीसुद्धा दिसत नाही. जूनच्या सरी पडल्या की परत कोंब. तू मार्चमध्ये गेलीस, म्हणजे भर झोपेच्या वेळी. ऑगस्टच्या शेवटी जा आणि मग फोटो काढ, मेमरी पुरणार नाही.

ही झोप न कळल्यामुळे किती कंद मेलेत याचा हिशोबच नाही. मी ज्या बागेत बरीच वर्षं काम केलं (नाव नको) तिथे एका मे महिन्यात कुणी मोठे साहेब येणार होते, तर नवीन आलेल्या माळ्याने या "रिकाम्या" कुंड्या बघून त्यात सदाफुली लावली आणि रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. साहेब खूष. जुलैत सदाफुलीच्या गर्दीतून दोन कुंड्यांत खर्चुडीचे कोंब वर आले, बाकीच्या उकरून बघितल्या तर कंदाचा लगदा झालेला. माळ्याला काय बोलणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता फरक. बागेत झाड छान दिसलं की काम झालं. बोटॅनिकल गार्डनमध्ये झाडाइतकीच ती पत्र्याची पट्टी महत्त्वाची, खरं तर मी म्हणेन झाडापेक्षा काकणभर जास्तच. पट्टीवर नंबर असतो आणि तो नंबर रजिस्टरमध्ये उघडला की कळतं हे रोप कुठल्या डोंगरावरून आलं, कड्याच्या कुठल्या बाजूने, किती उंचीवरून, कोणत्या तारखेला, कुणी आणलं, बी आणलं की कंद आणला की फांदी, आणि तिथे तेव्हा अशी किती रोपं होती. हे माहीत असेल तरच उद्या त्याची पिल्लं परत त्या डोंगरावर नेता येतात. नसेल तर ते रोप अनाथ, शोभेचं. आमच्याकडे एकदा लेबलं साध्या मार्करने लिहिली गेली, दोन पावसाळ्यांत सगळी पुसली आणि चौदा कुंड्या अनाथ झाल्या. रोपं एकदम ठणठणीत, फुलायची सुद्धा, पण कुठली ते सांगता येईना, तेव्हापासून अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने ठोकून नंबर घालायचा आणि एक पट्टी कुंडीच्या आत मातीत पुरायची असं सुरू केलं. वरची पट्टी माकड काढून नेतं, आतली राहते.

आणि नोंद बागेपेक्षा जास्त जगते बरं का. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारच्या काळात मोठी बोटॅनिकल गार्डन होती, अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर १८३८ पासून ती बघायचा, जुन्नरजवळ हिवऱ्यालाही तिची एक शाखा होती. आज दापोडीला लोकलमधून उतरलात तर त्या बागेचं नावनिशाण सापडणार नाही. पण गिब्सनने तिथल्या झाडांची एका चित्रकाराकडून चित्रं करून घेतली होती, ती दीडशेहून जास्त चित्रं आज एडिनबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलीयेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणजे बघ, झाडांची नोंद राहिली आणि ज्याने ती काढली त्याचीच राहिली नाही.

*प्रश्न : मागच्या सप्टेंबरमध्ये हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला एक सुंदर कंदिलासारखं फूल दिसलं, लीडर म्हणाला खर्चुडी आहे, दुर्मीळ आहे. मी हळूच कंदासकट एक रोप आणलं, म्हटलं आपल्याकडे तरी वाचेल. ठाण्यात बाल्कनीत लावलं, दोन महिन्यांत गेलं. काय चुकलं? – एक वाचक, ठाणे*

चुकलं ते गडावरच चुकलं. रागावू नका पण सांगायलाच हवं, हरिश्चंद्रगडाच्या अंगाखांद्यावर खर्चुडीची जी जात आहे, सेरोपेजिया लॉई, ती जगात फार थोड्या जागी आहे, आणि तुम्ही आणलेलं रोप ती असेल किंवा नसेल पण एका कड्यावर मोजकीच दहा-वीस रोपं असली तर त्यातलं एक म्हणजे थोडं नाही. शिवाय तो भाग अभयारण्यात येतो, तिथून काडी उचलणंसुद्धा गुन्हा आहे. "आपल्याकडे तरी वाचेल" या एका वाक्याने सह्याद्रीतली जितकी खर्चुडी संपवलीय तितकी गुराख्यांनी नाही. गुराखी पोरं हे कंद पिढ्यान्‌पिढ्या कच्चे खात आलीत, साळिंदरं आणि रानडुकरं तर उकरतातच, तरी ती टिकून होती.

आता त्या फुलाबद्दल थोडं सांगते, कारण ते कळलं की ते बाल्कनीत का नांदत नाही हेही कळेल. सेरोपेजिया या नावाचा अर्थ मेणाचं कारंजं, झाडाझुडपांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ठेवलेलं. खाली फुगीर, मध्ये लांब नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून कंदिलासारखी जाळी. वासाला भुलून बारीक माश्या येतात, नळीतून आत घसरतात, आणि नळीच्या आतले केस सगळे खाली तोंड करून असतात त्यामुळे आत जाता येतं पण बाहेर येता येत नाही. उंदराच्या सापळ्यासारखं. माशी आत अडकून धडपडते, त्या धडपडीत परागांची एक इवलीशी जोड-पिशवी चिमट्यासारखी तिच्या तोंडाला अडकते. मग एखाद दिवसाने केस मरगळतात, फूल कलतं, माशी सुटते आणि शहाणपण न शिकता दुसऱ्या फुलात जाऊन पडते. तिथे ती पिशवी बरोबर एका बारीक फटीत बसली तरच शेंग. म्हणजे बघा, दुसरं फूल हवं, शक्यतो दुसऱ्या वेलाचं हवं, ती विशिष्ट माशी हवी. ठाण्यातल्या बाल्कनीत एकटा वेल फुलला तरी तो वांझोटाच राहणार.

शेंगा येतात त्या जोडीने, शिंगांसारख्या, आणि आतल्या बिया रुईसारख्या म्हातारीच्या, हे कुळही रुईचंच. बागेत आम्ही शेंग भरत आली की तिला मलमलची छोटी पिशवी बांधून ठेवायचो, कारण दुपारी उन्हात शेंग तडकली की पाच मिनिटांत वर्षभराची मेहनत भुर्रकन कंपाउंडबाहेर. एकदा मी जेवायला गेले तेवढ्यात उडाली, त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

खर्चुडी कुंडीत हवीच असेल तर नर्सरीत स्ट्रिंग ऑफ हार्ट्स नावाने हृदयाच्या आकाराच्या पानांचा लोंबता वेल मिळतो, तीही खर्चुडीच, सेरोपेजिया वूडी, मूळची दक्षिण आफ्रिकेची. फांदीपासून सहज होते, कुणाच्या डोंगरावरून चोरलेली नसते. हिच्या नावातला वूड कोण ते पुढे येतंय.

*प्रश्न : मी जुन्नरचा निवृत्त शिक्षक. शिवनेरीवर शिंदळ माकुडी नावाची जगातली दुर्मीळ वनस्पती आहे असं आम्ही मुलांना अभिमानाने सांगत आलो. परवा मुलाने जर्मनीहून फोटो पाठवला, तिथल्या कॅक्टसवाल्याकडे हीच वनस्पती कुंडीत विकायला! मग आम्ही काय मुलांना खोटं सांगत होतो? – एक वाचक, जुन्नर*

सर, नमस्कार, तुम्ही खरंच सांगत होतात आणि मुलाने पाठवलेला फोटोही खराच आहे.

शिंदळ माकुडीचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डालझेल नावाचा वनखात्यातला साहेब, त्याने १८६० च्या दशकात हिचं वर्णन केलं आणि मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव दिलं. (हल्लीचे लोक तिला बुसेरोसिया नावाच्या दुसऱ्या वंशात घालतात, पण नाव बदललं म्हणून कडा बदलत नाही.) मांसल खोडाची, निवडुंगासारखी पण काटे नाहीत, पावसात पानं येतात, उन्हाळ्यात झडून नुसती बोटं बोटं उरतात. फूल किरमिजी, पाच टोकांच्या चांदणीसारखं, त्यावर पिवळे डाग. शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, अशा उभ्या कातळातल्या कपारींत, जिथे बकरीलाही जाताना विचार पडावा तिथे. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एके काळी जगातल्या सर्वात धोक्यातल्या बारा वनस्पतींत हिचं नाव घातलं होतं, म्हणून ती आपल्या पाठ्यपुस्तकी अभिमानात येऊन बसली.

आता गंमत अशी की कड्यावर नाजूक असलेली ही बाई कुंडीत फार सोशिक आहे. एक बोट तोडा, चार-आठ दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्या, खडीमुरमात टोचा, जगली. त्यामुळे युरोपातल्या शौकिनांकडे पिढ्यान्‌पिढ्या फांदीवर फांदी वाढत गेली. पण फांदीपासून वाढवलेली हजार रोपं म्हणजे हजार रोपं नव्हेत, ते एकच रोप हजार कुंड्यांत बसलंय. त्यातलं एक ज्या रोगाने मरेल त्याच रोगाने सगळी मरतील. कड्यावरच्या पन्नास रोपांत मात्र प्रत्येक वेगळं, कुणी जास्त ऊन सोसणारं, कुणी उशिरा फुलणारं. त्यात त्या कॅक्टसवाल्याकडच्या रोपाला ते शिवनेरीचं की वज्रगडचं हे विचारा, त्याला सांगता येणार नाही. पट्टी नाही ना!

म्हणून बागेत माकुडी ठेवायची तर एका जागेवरून एक फांदी आणून तिची दोनशे पिल्लं करण्यापेक्षा पाच कड्यांवरून थोड्या थोड्या रोपांच्या फांद्या, परवानगी काढून, वेगवेगळ्या नंबराने ठेवणं केव्हाही बरं. जागा कमी लागते आणि खरा ऐवज जास्त राहतो. तुम्ही मुलांना इतकंच आणखी सांगा की गडावर गेल्यावर ती दुरून बघायची. ती जिथे आहे ती जागा फेसबुकवर टाकायची नाही हेही सांगा, हल्ली बकरीपेक्षा लोकेशन टॅगची भीती जास्त वाटते.

*प्रश्न : एवढा खटाटोप कशाला, सगळ्या दुर्मीळ झाडांच्या बिया फ्रीजरमध्ये ठेवून द्यायच्या, लागतील तेव्हा काढायच्या. – एक वाचक, औरंगाबादचा छत्रपती संभाजीनगर झाला तरी जुन्या पत्त्यावरचाच*

करतात की. इंग्लंडात वेकहर्स्टला क्यूची (लंडनची प्रसिद्ध बोटॅनिकल गार्डन) मिलेनियम सीड बँक २००० साली सुरू झाली, बिया हळूहळू वाळवून उणे वीस अंशाला ठेवतात, पुष्कळ जातींच्या बिया अशा कित्येक दशकं टिकतात. आपल्याकडे दिल्लीला पिकांच्या बियांची मोठी बँक आहे. गवतं, कडधान्यं, रानफुलं यांना हे छान चालतं.

पण आंब्याची कोय वाळवून ठेवून बघा. फणसाची आठळी, जांभळाची बी, कोकमाची बी. या बिया ओल्याच पेराव्या लागतात, वाळल्या की मेल्या, आणि ओल्या गोठवल्या तर आत बर्फ होऊन फुटतात. आपल्या घाटातल्या सदाहरित रानातली पुष्कळ झाडं याच पंथातली. त्यांना फ्रीजर नाही, त्यांना जमीनच लागते, वीस-पंचवीस फूट अंतर सोडून लावलेली जिवंत झाडं, म्हणजे परत बाग आलीच. वाळवणाचे पापड आणि ताजं लोणी एका डब्यात टिकत नाहीत, तसंच हे.

*प्रश्न : आम्ही लंडनला असतो. क्यू गार्डनच्या काचघरात एक पामसारखं झाड बघितलं, गाइड म्हणाली हे जगातलं सर्वात एकटं झाड आहे. मुलगी तेव्हापासून उदास आहे, तिला काय सांगू? – एक आई, लंडन*

ते पाम नाही, सायकॅड आहे, म्हणजे पामसारखं दिसणारं पण वेगळ्याच, फार जुन्या गटातलं झाड, नाव एन्सेफॅलार्टोस वूडी. जॉन मेडली वूड हा डर्बनच्या बोटॅनिक गार्डनचा प्रमुख, हो, स्ट्रिंग ऑफ हार्ट्समधला वूड तो हाच, त्याला १८९५ मध्ये झुलूलँडच्या ओन्गोये जंगलात एका उतारावर हे झाड दिसलं. एकच पुंजका. सायकॅडमध्ये नर वेगळा मादी वेगळी, आणि हा नर होता. मग लोकांनी ते जंगल पालथं घातलं, दुसरं सापडलं नाही, मादी तर नाहीच. पुंजक्याची पिल्लं काढून डर्बनला, क्यूला, पुढे जगभरच्या बागांना गेली आणि जंगलातलं मूळ झाड संपलं. आज जगात जितकी आहेत ती सगळी त्याच एका नराची. अलीकडे ड्रोनने फोटो काढून कॉम्प्युटरला मादी ओळखायला शिकवून त्या जंगलात शोध चाललाय, मुलीला हे नक्की सांगा, म्हणजे उदासी जरा कमी होईल. एक प्रकारचं वधूसंशोधनच म्हणायचं, सव्वाशे वर्षं चाललेलं.

पण मला विचाराल तर या झाडाने बोटॅनिकल गार्डनची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवलंय. बाग नसती तर हे झाड आज फोटोतही नसतं. आणि बाग आहे म्हणून ते वाचलं असंही म्हणवत नाही, मरत नाहीये इतकंच.

दुसरी गोष्ट जास्त आनंदाची आहे, तीही क्यूचीच, मुलीला ती सांगा. रवांडात एका गरम झऱ्याच्या काठच्या ओल्या चिखलात जगातलं सर्वात छोटं कमळ उगवायचं, निम्फिया थर्मारम, पान जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं. १९८७ मध्ये सापडलं. पुढे लोकांनी झऱ्याचं पाणी दुसरीकडे वळवलं, चिखल वाळला, तिथलं कमळ गेलं. जर्मनीत बॉनच्या बागेत थोडं राखलेलं होतं, त्याच्या बिया क्यूला आल्या, तिथे कार्लोस मॅग्डालेना नावाचा माळी (हो, स्वतःला बागकाम करणाराच म्हणवतो) महिनोन्‌महिने झटत होता, बाकीच्या कमळांसारखी पाण्यात बुडवून ठेवली की रोपं मरायची. शेवटी त्याच्या डोक्यात आलं की हे चिखलातलं कमळ आहे, पाण्यातलं नाही, त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतोय. कुंडी पाण्याच्या पातळीला आणून ठेवली आणि २००९ मध्ये ते फुललं. २०१४ च्या जानेवारीत त्यातलं एक रोप चोरीला गेलं, हाही भाग सांगा, चोर सगळीकडे असतात, फक्त ठाण्यातच नाही (ठाणेकरांनी हलकेच घ्यावं).

आणि लंडनवरून आठवलं. २०१७ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी जगभरच्या बोटॅनिक गार्डनांचा हिशोब मांडला होता, तर धोक्यातल्या जातींपैकी ४१ टक्के कुठल्या ना कुठल्या बागेत आहेत असं निघालं. ऐकायला बरं वाटतं. पण थंड देशातली एखादी जात बागेत असण्याची शक्यता ६० टक्के आणि आपल्यासारख्या उष्ण देशातली असण्याची फक्त २५ टक्के. झाडं इकडे आणि बागा तिकडे, असा सगळा मामला आहे. म्हणून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगर पायाखाली घालून खर्चुडीच्या जाती शोधल्या, काही तर विज्ञानाला नव्याच, आणि तिथल्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये त्या लावल्या, याचं मोल मला क्यूच्या काचघराइतकंच वाटतं. इथल्या झाडाला इथली हवा, इथली माती, इथली माशी. काचघर तापवायला गॅस जाळावा लागत नाही.

*प्रश्न : आमचा तरुणांचा ग्रुप आहे, दर पावसाळ्यात गडांवर बीजगोळे टाकतो. या वर्षी दुर्मीळ झाडांचे बीजगोळे करून कास-पाचगणीकडच्या सड्यांवर टाकायचा विचार आहे, ती जमीन नुसती ओसाड पडलीये. बिया कुठे मिळतील? – एक कार्यकर्ता, सातारा*

थांबा थांबा थांबा. बिया मिळणार नाहीत आणि मिळाल्या तरी सड्यावर टाकू नका, हात जोडते.

सडा ओसाड नसतो हो. जांभ्याच्या कातळावर इंच-दोन इंच मातीचा थर, तोही निकस. आणि तो निकस आहे म्हणूनच तिथे सीतेची आसवं आहेत, दवबिंदू आहे, वायतुरा आहे. मातीत काही मिळत नाही म्हणून तर त्यातल्या काहींनी किडे खायचा मार्ग धरलाय. तिथे शेणमातीचे गोळे टाकलेत, चार झाडं उभी राहिली, त्यांची सावली पडली, पालापाचोळा कुजून माती सुपीक झाली, की हे सगळं गवत-फुलं गायब. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते झाडांसाठी नाही, झाडं नसण्यासाठी गेलं म्हणा ना. सड्यांवर गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून हिरवेगार फोटो काढलेले प्रकार झालेत आणि त्याने काय झालं ते सातारकरांना मी सांगायला नको.

दुर्मीळ झाड परत रानात लावणं हे फार नाजूक काम आहे. कुठल्या डोंगरावरचं रोप कुठे न्यायचं, आपल्या कुंडीतल्या मातीबरोबर कुठली बुरशी, कुठली गोगलगाय तर जात नाही ना, लावल्यावर चार-पाच वर्षं दर पावसाळ्यात जाऊन मोजायचं, वनखात्याची परवानगी, आणि जागा मुळात राखीव आहे की उद्या तिथे रिसॉर्ट उठणार. नाशिकजवळ अंजनेरीच्या डोंगरावर २००६ मध्ये खर्चुडीची एक नवी जात सापडली, तिचं नावच सेरोपेजिया अंजनेरिका. तिची पिल्लं तुम्ही शंभर बागांत वाढवा, अंजनेरीचं पठार राहिलं नाही तर त्यांना माघारी कुठे पाठवणार? पुढे तो डोंगर संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला, त्याला माझ्या मते दहा बागांइतकी किंमत आहे. हे मी बागेत आयुष्य घालवलेली बाई म्हणतेय.

ग्रुपमध्ये उत्साह आहे तर एक काम सांगते, अगदी बिनखर्चाचं. एकच सडा निवडा. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी त्याच वाटेने जा, काय फुललंय, कधी फुललं, किती, गुरं आली होती का, गाड्यांची चाकं वर चढलीत का, वहीत लिहा. पाच वर्षांनी ती वही कुठल्याही बोटॅनिकल गार्डनवाल्याला दाखवा, तो तुम्हाला चहा पाजेल.

*प्रश्न : नरक्या घरामागच्या जागेत लावली तर पैसे मिळतात म्हणे? – एक वाचक, सिंधुदुर्ग*

नरक्या या घाटातल्या रानझाडातून कॅन्सरच्या औषधाला लागणारं कॅम्पटोथेसिन निघतं, म्हणून आंबोलीपासून खाली ट्रकच्या ट्रक चोरून तोडली गेली. हे द्रव्य आधी एका चिनी झाडात सापडलं, शोधणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, हे फार लोकांना माहीत नसतं. लावा जरूर, पण वाढायला वर्षं जातात आणि तोडायला-विकायला परवाने लागतात, तेव्हा आधी वनखात्यात चौकशी करा मग खड्डे खणा. पांढऱ्या मुसळीचंही असंच झालं होतं, जिचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून आहे, बोरिविलियानम. रानातून ओरबाडून संपत आली, मग शेतात लागवड सुरू झाली तेव्हा रानावरचा भार जरा हलका झाला. पैसे मात्र सगळ्यांनाच मिळाले असं नाही, विचारा आसपास.

*प्रश्न : सोसायटीत एक दुर्मीळ झाड लावायचंय, बजेट पाचशे रुपये, सेक्रेटरी म्हणतात अशोक लावा. – एक वाचक, डोंबिवली*

सेक्रेटरींना विचारा कुठला अशोक. ते उंच, निमुळतं, लायटीच्या खांबासारखं गेट-गेटला लावतात तो खोटा अशोक, आसूपालव. खरा सीतेचा अशोक म्हणजे गर्द सावली, कोवळी पानं तांबूस मलूल लोंबणारी, आणि खोडाला चिकटून केशरी फुलांचे झुबके. सालीसाठी इतका तोडला गेला की रानात आता धोक्यातल्या यादीत आहे, आणि औषधाच्या बाजारात त्याच्या नावाने आसूपालवाची सालही खपते. डोंबिवलीत नीट येईल, पहिली तीन-चार वर्षं दुपारचं ऊन कमी आणि पाणी भरपूर. पाचशेत रोप बसून वर शेणखताची गोणी येईल.

घेताना नर्सरीवाल्याला एवढं विचारा की बी कुठल्या झाडाचं. मी परवा एकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मागच्या गल्लीत जोश्यांच्या बंगल्यात आहे ना, त्याचंच." मला तर फार आनंद झाला. लिहून घेतलं.